दाभोळची रांग नेमकी कुठून सुरू होते?

मे महिन्यात कोकणात जाऊ नका, असं मी दरवर्षी ओळखीच्या सगळ्यांना सांगते. उकडून जीव जातो, लॉजवाले तोंडाला येईल तो भाव सांगतात, आणि आंबे घेणाऱ्यांपेक्षा आंब्याचे भाव विचारणाऱ्यांचीच गर्दी जास्त असते. या वर्षी मी स्वतःच गेले, तेही गर्दी शोधायला. दाभोळच्या फेरीबोटीला मरणाची गर्दी असू दे रे बाबा, असं देवाला सांगून घराबाहेर पडलेली मी बहुतेक पहिलीच बाई असेन.

आधी कारण सांगते, नाहीतर पुढचा वेडेपणा कळणार नाही. मी पुण्यात एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते, आणि पंचेचाळिशी उलटली तरी पीएचडी करते आहे. विषय सांगितला की नातेवाईक ताबडतोब 'चहा घेणार का' विचारतात, म्हणून सोप्या भाषेत सांगते. मी कॉम्प्युटरमध्ये एक खोटं दाभोळ बांधलं आहे. त्यात खाडी आहे, बोट आहे, भरती-ओहोटी आहे आणि पलीकडे धोपाव्याला जायला निघालेल्या गाड्या आहेत. कुठली गाडी कधी येईल ते मात्र आधी ठरलेलं नसतं. प्रत्येक वेळी कॉम्प्युटर फासे टाकतो. कधी बराच वेळ चिटपाखरू नाही, तर कधी एकदम चार गाड्या आणि त्यांच्या मागे वऱ्हाडाची बस. असा एक अख्खा दिवस चालवायचा, मग नवे फासे टाकून तोच दिवस पुन्हा चालवायचा, पुन्हा, पुन्हा. एका दिवसावरून काहीही कळत नाही. पण असे ढीगभर दिवस चालवले की सुट्टीतल्या संध्याकाळी माणसाला साधारण किती ताटकळावं लागेल ते दिसायला लागतं.

माझ्या खोट्या दाभोळात सुट्टीतल्या संध्याकाळी तासाच्या वर थांबावं लागत होतं. आणि खऱ्या दाभोळात मोजलेले आकडे म्हणत होते, जेमतेम पाव तास.

हे मोजलेले आकडे कोणी आणले? माझ्या नवऱ्याने. अविनाश बँकेत आहे, ऑडिट विभागात, आणि घरात गॅस सिलिंडर कधी लागला ते दरवाज्यामागे लिहून ठेवणाऱ्यांपैकी आहे. गेल्या दिवाळीत माझ्या परीक्षांच्या ड्युट्या लागल्या, तेव्हा हा बाबा माझ्यासाठी एसटीने दाभोळला गेला, लॉजवर राहिला आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत जेटीवर छत्री घेऊन बसला. गाडी धक्क्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यापाशी रांगेत आली की घड्याळ चालू, बोटीत चढली की बंद. कुठल्या बायकोसाठी कुठला नवरा इतकं करतो? त्यामुळे त्याच्या आकड्यांवर संशय घ्यायची माझी टाप नव्हती. आणि तो मात्र अधूनमधून प्रेमाने म्हणायचा, "मेधा, तुझं मॉडेल जरा घाबरट आहे का गं?"

एप्रिलमध्ये बाहेरच्या परीक्षकांचा अभिप्राय आला. बाकी सगळं ठीक, पण मॉडेल आणि प्रत्यक्ष मोजमाप यांत एवढी दरी का, याचा खुलासा मौखिक परीक्षेत करावा. माझ्या मार्गदर्शक सरांनी फोनवर स्पष्टच सांगितलं, "मॅडम, उत्तर नसेल तर प्रबंध परत येईल. आणि दुरुस्त करून परत द्यायला तुमच्याकडे मुदत उरलेली नाही. नोंदणीच संपते आहे."

म्हणजे इतक्या वर्षांचं सगळं पाण्यात. माझ्या तोंडचं पाणीच पळालं. पंधरा दिवस मी प्रोग्रामची ओळन् ओळ तपासली. चूक सापडेना. शेवटी एका सकाळी अविनाशच म्हणाला, "चल, गाडी काढू. या वेळी तूही बघ. मावशीकडे रत्नागिरीलाही कधीचं जायचंच आहे."

निघालो. ज्यांना हाच रस्ता करायचा आहे त्यांच्यासाठी: पुण्याहून ताम्हिणी घाट, माणगाव, तिथून मंडणगड, मग दापोली आणि दाभोळ. पहाटे निघा, म्हणजे ताम्हिणीत रीळ काढणारे भेटत नाहीत. माणगावला हमरस्त्यावर गर्दी लागते, तिथे वैतागू नका, ती सगळ्यांनाच लागते. मंडणगडकडे वळलात की रस्ता डोंगरातून वळसे घेत जातो, वाहनं कमी होतात आणि कातळावर वाळलेलं गवत नि मधूनच काजूची झाडं दिसायला लागतात. ज्यांना गाडी लागते त्यांनी या टप्प्यात पोट भरून खाऊ नये. मी खाल्लं. मंडणगडच्या स्टँडजवळ गरम वडापाव मिळाला, दोन खाल्ले, आणि पुढची सगळी वळणं अविनाशला शिव्या देत काढली.

"तू वडे खाल्लेस त्यात माझी काय चूक?"

"हळू चालव म्हणजे झालं."

खरं तर वड्यांचा दोष नव्हता. मला काळजी होती ती वेगळीच. दाभोळला जाऊन काय होणार, हे मला चांगलं माहीत होतं. एकतर माझं मॉडेल चुकीचं ठरणार होतं, म्हणजे माझी इतक्या वर्षांची मेहनत फुकट. नाहीतर अविनाशचे आकडे चुकीचे ठरणार होते, म्हणजे दिवाळीभर उन्हात बसलेल्या माणसाला मी सांगायचं की तुझं मोजमाप टाकाऊ आहे. दोन्हींतलं काय बरं, याचा विचार करत मी खिडकीबाहेर बघत होते.

दापोलीत जेवलो. सुरमई थाळी छान होती, सोलकढी पुन्हा मागितली तरी कपाळाला आठ्या नाहीत. दोघांचं जेवण पुण्यातल्या एका पिझ्झ्याच्या पैशांत झालं, इतकं सांगते. दापोलीहून दाभोळला आरामात तास धरा, रस्ता अरुंद आहे आणि समोरून एसटी आली की कोण मागे घेणार यावर डोळ्यांनीच वाटाघाटी होतात. दाभोळ उतरणीवर वसलेलं आहे. घरं, मशिदी, मासळीचा वास, आणि मग अचानक खाली खाडी. उतरत्या उन्हात पाणी लखलखत होतं. मी जेटीकडे पाहिलं.

रांग नव्हती. धक्क्यावर मोजून एका बोटीपुरत्या गाड्या उभ्या होत्या, बस्स. मे महिना, शनिवार, संध्याकाळ. माझ्या खोट्या दाभोळात या घटकेला गाड्यांनी बाजारपेठ तुंबलेली असायची.

"बघ," अविनाश म्हणाला. विजयाने नाही, हळूच म्हणाला. त्याला वाईट वाटलं होतं हे मला कळलं, आणि त्यामुळे मला जास्तच वाईट वाटलं.

त्याला तर सगळं ठाऊक. तो सराईतपणे गाडी खाली घेऊन गेला आणि शेवटच्या गाडीच्या मागे, त्याच्या त्या पांढऱ्या पट्ट्याजवळ, लावायला लागला. तेवढ्यात चार-पाच माणसं हात करत आली. सरबताच्या टपरीवरची एक बाई तर टपरी सोडून रस्त्यात उभी राहिली.

"ओ पाव्हणं! तुमी कोनाच्या मागं?"

अविनाशने काच खाली केली. "या समोरच्या गाडीच्या मागे."

"तिच्या मागं वरच्यांचा नंबर हाय. तुमी आत्ताच आलाव ना? मग वर जावा. वडाखाली इचारा, सगळ्यात मागं कोन हाय त्ये. त्याच्या मागं तुमी."

"पण रांग इथे आहे ना?"

"इथं सगळ्यांनी गाड्या लावल्या तर बोटीतून उतरनारी गाडी जाईल कुटनं, तुमच्या डोस्क्यावरनं?" बाई म्हणाली, आणि भोवतालचे सगळे हसले.

त्या अरुंद चढावर रिव्हर्स घेताना अविनाशची जी अवस्था झाली ती मी इथे लिहिणार नाही, कारण तोही हा ब्लॉग वाचतो. एवढंच सांगते की दोन माणसं पुढे, एक मागे, आणि सगळे वेगवेगळ्या सूचना देत होते.

वर एक जुना वड आहे आणि भोवती मोकळं मैदान. तिथे गाड्या होत्या. बऱ्याच होत्या, पण आडव्यातिडव्या, जिथे सावली मिळेल तिथे लावलेल्या. काहींची दारं उघडी, कोणी डबा सोडून बसलेलं, कोणी सीट मागे करून घोरतंय. पाहणाऱ्याला वाटावं, जत्रेचं पार्किंग. अविनाश खाली उतरून बावळटासारखा उभा राहिला. बँकेत रोज टोकनची पद्धत बघणारा माणूस तो, त्याला कळेना कोणाला विचारावं. शेवटी मीच मोठ्याने ओरडले, "सगळ्यात मागे कोण आहे हो?"

एका पांढऱ्या व्हॅनजवळून हात वर झाला. "मी हाय. आता तुमी माज्या मागं. तुमच्या मागनं कोन आला तर त्याला तुमी हात करा."

हे शिगवणदादा. मूळचे मंडणगडकडचे, मुंबईत एका छापखान्यात नोकरी, भाचीच्या हळदीला आईला घेऊन गुहागरकडच्या गावी निघालेले. आई पुढच्या सीटवर पाय वर घेऊन बसल्या होत्या आणि मांडीवर वर्तमानपत्रात फणसाचे गरे.

"पण लाइन कुठे आहे?" अविनाशने त्यांना अगदी कळवळून विचारलं.

"लाइन कशाला पायजे? मानसं हायत ना," शिगवणदादा म्हणाले. "आपल्या पुढं कोन ता ध्यानात ठेवायचा. तो हलला की आपन हलायचा."

"घे गो बाय, कापा हाय," आईंनी माझ्यापुढे गरे धरले. मी घेतले. कापा फणस खाताना मला कधी बरं वाटलं नाही असं झालेलं नाही, आणि त्या क्षणी मला खरंच त्याची गरज होती.

बसलो. अर्धा तास गेला असेल, आम्ही जागचे हललो नव्हतो. खाली बोटीचा भोंगा व्हायचा, वडाखालून काही गाड्या निघून धक्क्यावर जायच्या, उरलेल्या तशाच. मी दुसरं कोकम सरबत पीत होते, आणि डोक्यात काहीतरी टोचायला लागलं. धक्क्यावर नेहमी एकाच बोटीच्या गाड्या. म्हणजे धक्क्यावर पोचलेला माणूस जास्तीत जास्त एका बोटीइतकाच थांबणार. बोटीची एक फेरी साधारण किती? पाव तास.

अविनाशच्या आकड्यांतली एक गोष्ट मला पहिल्यापासून खटकत होती. ते आकडे फार शहाणे होते. सकाळी पाव तास, दुपारी पाव तास, भाऊबिजेच्या संध्याकाळीही पाव तास. माझ्या विषयात अशी गुणी रांग नसते. खऱ्या रांगा लहरी असतात, आत्ता रिकाम्या आणि जरा वेळाने चिक्कार. पण नवऱ्याने उन्हात बसून आणलेले आकडे, म्हणून मी गप्प बसले होते.

"दादा," मी शिगवणदादांना विचारलं, "दिवाळीतही असंच असतं का हो?"

"दिवाळीत?" ते हसले. "दिवाळीत ह्यो वड पुरत नाय. वर शाळेपरयंत असतात गाड्या."

मी उभीच राहिले. मांडीवरचे गरे खाली पडले, आईंनी "अगो बाय!" केलं.

"अवि, दिवाळीत तू कुठे बसला होतास?"

"खाली. पट्ट्याजवळ. तुला फोटो पाठवला होता ना."

"आणि घड्याळ कधी चालू करायचास?"

"गाडी पट्ट्यापाशी आली की." मग त्याने वडाखालच्या सगळ्या गाड्यांवरून एकदा नजर फिरवली, अगदी सावकाश. "मला वाटायचं इथे लोकांनी जेवायला गाड्या लावल्यात," तो म्हणाला. "मी रोज इथूनच चालत खाली जात होतो गं."

खरं सांगते, मला त्याला रागवायला हवं होतं का? महिनाभर माझी झोप उडाली होती. पण मला इतकं हायसं वाटलं की मी त्या मैदानात सगळ्यांसमोर त्याच्या खांद्यावर दणादण बुक्के मारले आणि हसायला लागले. त्याचं घड्याळ बरोबर होतं. माझं मॉडेल बरोबर होतं. असेल. असायला हवं. रांग दोन जागी होती, आणि मोठी जागा रांगेसारखी दिसतच नव्हती!

त्यानंतरचा वेळ माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा खोळंबा. उकडत होतं, डास चावत होते, एका गाडीतलं तान्हं बाळ किंचाळत होतं आणि मी दर थोड्या वेळाने घड्याळ बघून खूश होत होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "अजून जरा लांबू दे." शेजारच्या टेम्पोवाल्याने माझ्याकडे असं बघितलं की मी गाडीत जाऊन बसले. आमच्या मागे कोल्हापूरची एक गाडी आली, तिला अविनाशने हात केला. "आमच्या मागे तुम्ही," तो म्हणाला, जन्मापासून दाभोळात राहिल्यासारखा.

आम्ही बोटीत चढलो तेव्हा तास केव्हाच उलटून गेला होता. शिगवणदादांची व्हॅन आमच्या पुढेच होती. आईंनी काचेतून हात हलवला. खाडीवर वारा सुटला होता, लोखंडी फळी खणखणत वर गेली, आणि बोट निघाली. पार जायला फार वेळ लागत नाही, पण गाडीत बसून राहू नका, उतरून कठड्याशी उभे राहा. तिकीट खिडकीवर, गाडीच्या आकारावर भाडं, माणसांचं वेगळं. सुटे पैसे जवळ ठेवा, कारण रेंज गेली की मोबाइलने पैसे जात नाहीत. आणि आता तुम्हाला कळलंच आहे, थेट धक्क्यावर जाऊ नका.

गुहागरला मुक्काम होता. नारळी-पोफळीतली साधी खोली, पंखा गरगर आवाज करणारा, पण न्याहारीला घावन आणि ओल्या खोबऱ्याची चटणी, तेवढ्यावर सगळं माफ. मूळ बेत होता तिथून दुसऱ्या दिवशी रत्नागिरी. पण सकाळी उठले तर अविनाश बूट घालून तयार.

"कुठे?"

"दाभोळला. परत मोजतो."

"अरे, काल मोजलं ना आपण."

"एक गाडी मोजली. एका दिवसावरून काही कळत नाही, हे कोण सांगतं रोज?"

मग आम्ही बेत बदलला. गुहागरची खोली वाढवून घेतली, आणि सुट्टीची गर्दी असेपर्यंत रोज धोपाव्याला गाडी लावून पायी बोटीत बसून पलीकडे जात राहिलो. अविनाश वडाखाली. येणाऱ्या गाडीने "मागे कोण?" विचारलं की घड्याळ चालू, ती बोटीत चढली की मी खालून फोन करायचे, तेव्हा बंद. दुसऱ्या दिवशी सरबतवाल्या बाईने त्याला बसायला खुर्ची पाठवली. तिसऱ्या दिवशी नवे पाहुणे आले की लोक त्यालाच बोट दाखवायला लागले, "त्या टोपीवाल्या काकांना इचारा मागं कोन ता." मधल्या वेळात मी दाभोळच्याच चंडिकादेवीच्या गुहेत जाऊन आले. आत वीज नाही, समईच्या उजेडात वाकून जावं लागतं, डोळे सरावायला वेळ लागतो, पण आत थंडगार वाटतं. मी देवीला काहीही मागितलं नाही. काय व्हायचं ते रत्नागिरीत लॅपटॉप उघडल्यावर ठरणार होतं.

गुहागरहून रत्नागिरीला हमरस्त्याने जाऊ नका. वेळणेश्वर, हेदवी करत तवसाळला या, तिथे जयगडला जाणारी दुसरी फेरीबोट आहे. आमच्या वेळी ती रिकामी होती. मला उगाच चुकल्यासारखं झालं. पुढे गणपतीपुळे, आणि मग आरे-वारेचा तो समुद्राकाठचा चढ, जिथे प्रत्येक जण गाडी थांबवतो. आम्हीही थांबवली. अविनाशने माझा फोटो काढला, त्यात मी समुद्राकडे पाठ करून बोटांवर काहीतरी मोजते आहे.

रत्नागिरीत मांडवीला अविनाशच्या मावशीचं घर समुद्रापासून हाकेवर आहे. मावशी सत्तरीच्या, यजमान जहाजावर चीफ इंजिनियर होते, ते गेल्यापासून एकट्या राहतात आणि एकटीला अजिबात कंटाळा येत नाही असं दारातच ठणकावून सांगतात. दुपारचं जेवण झालं. आमरस, घावन, आणि पानात तिसरा आंबा पडला तेव्हा मी हात आडवा धरला.

"अगो, एवढीशी काय जेवत्येस? परीक्षा तुझी, उपाशी का राहायचं?"

"मावशी, आधी एक बघायचंय. मग आणखी दोन खाईन."

ओटीवर झोपाळ्यापाशी बसून मी लॅपटॉप उघडला. अविनाशने आकडे वाचले, मी भरले. भरलेला प्रत्येक आकडा मी त्याच्याकडून पुन्हा एकदा वाचून घेत होते. कारण वडाखाली आनंदाने नाचणं वेगळं आणि आकडे बसणं वेगळं. ते नसते बसले तर? मग सांगायला काहीच उरलं नसतं, नवऱ्यालाही दोष देता आला नसता. पडद्यावर निळी रेघ म्हणजे माझं खोटं दाभोळ. तिच्यावर आता खऱ्या दाभोळचे लाल ठिपके पडायला लागले.

पहिला ठिपका बराच वर पडला. दुसरा खाली. तिसरा आणखी खाली. अविनाश झोपाळ्यावरून उठून माझ्या मागे येऊन उभा राहिला. आणि मग ठिपके पडत गेले, रेघेच्या वर, रेघेच्या खाली, चुकार मुलांसारखे इकडे-तिकडे, पण तिला सोडून कोणी जाईना. ओहोटीच्या वेळी मॉडेल थोडं जास्त सांगत होतं, ते मला नंतर दुरुस्त करता येण्यासारखं होतं. बाकी सगळं जागच्या जागी.

"काय गो? पास झालीस?" मावशींनी स्वयंपाकघरातून विचारलं.

अविनाशच ओरडला, "मावशी, आंबे कापा!"

मी त्या झोपाळ्यावर आडवी झाले आणि संध्याकाळपर्यंत झोपले, इतकी गाढ की मावशींनी दोनदा येऊन पंखा बघितला म्हणे. महिनाभराची झोप होती ती. उठले तेव्हा दोघं मांडवीच्या वाळूवर भेळ खाऊन आले होते आणि माझ्यासाठी पुडी आणली होती, ती मऊ पडली होती, तरी खाल्ली.

परतताना पाली, आंबा घाट, कोल्हापूर असा रस्ता धरला. घाटात धुकं नव्हतं, नुसता उन्हाळा. कोल्हापुरात मिसळ खाल्ली आणि पुण्यात शिरताच ट्रॅफिकमध्ये अडकलो. अविनाश म्हणाला, "आता खूश हो, लांबच लांब आहे." मी झाले नाही. गर्दीचं सुख एकदाच पुरे.

घरी आल्यावर या सहलीचं काय उरलं? डब्यात मावशींच्या आंब्याची साठं, फ्रीजमध्ये कोकमाचा आगळ, बोटीच्या तिकिटांची चळत, जी अविनाश टाकू देत नाही. आणि एक सवय. कुठेही गेलं की आता मी आधी नीट बघते, माणसं नेमकी कुठे थांबली आहेत. दवाखान्यात, बँकेत, अगदी आमच्या सोसायटीच्या गिरणीपाशीसुद्धा. बायका दळणाचा डबा ठेवून घरी जातात, आणि गिरणी रिकामी दिसते. इतकी वर्षं मला ती रिकामीच वाटत होती.

मौखिक परीक्षा कॉलेज सुरू झाल्यावर झाली. अविनाशने रजा टाकली आणि बोलावलं नसताना आला. खोलीबाहेरच्या व्हरांड्यात आम्ही बरेच उमेदवार होतो, शिपाई जागेवर नव्हता, कोणाचा नंबर कधी हे कोणालाच माहीत नव्हतं. एक मुलगी धावत आली, घाबरीघुबरी. "लाइन कुठे आहे?"

"लाइन नाही," अविनाश माझ्याकडे बोट दाखवत तिला म्हणाला. "यांच्या मागे तुम्ही. यांना लक्षात ठेवा."

आत परीक्षकांनी तो प्रश्न विचारला. मी वडाचा फोटो दाखवला आणि सगळं सांगितलं: कुठे बसून मोजलं, काय सुटलं, परत कसं मोजलं, लाल ठिपके कुठे पडले. मग त्यांनी विचारलं, मोजणी कोणी केली? मी म्हटलं, "दोन्ही वेळा माझ्या नवऱ्याने. पहिल्यांदाही त्याचं घड्याळ बरोबर होतं." माझे मार्गदर्शक सर खाली बघून हसले. आणखी काही प्रश्न झाले, मग थोडा वेळ बाहेर थांबायला सांगितलं, मग परत आत बोलावलं, आणि परीक्षकांनी अभिनंदनासाठी हात पुढे केला.

बाहेर आले तेव्हा अविनाश भिंतीला टेकून उभा होता. माझ्या तोंडाकडे बघूनच त्याला कळलं. मी आपलं काहीतरी विचारलं.

"किती वेळ लागला रे मला?"

त्याने मनगट वर केलं, घड्याळाकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे बघून विचारलं, "कुठून मोजू?"

मला रडूच कोसळलं. त्या व्हरांड्यात, सगळ्यांसमोर. त्या मुलीने घाबरून माझ्याकडे बघितलं, तेव्हा अविनाश तिला म्हणाला, "काळजी करू नका, झालं यांचं. जा आता, तुमचाच नंबर आहे."